हाकेला ओ

गेल्या वर्षी श्रावणात आमच्या मोटारीला वाचा फुटली.

तिने बोलावे अशी आमची कधीच इच्छा नव्हती. वयाने आठ वर्षांची, रंगाने करडी आणि स्वभावाने गरीब अशी ही गाडी. तिने आम्हाला भाजीबाजाराला न्यावे, लग्नकार्याला न्यावे, वर्षातून एकदा कोकणात कुलदैवताला न्यावे आणि उरलेले दिवस सोसायटीच्या आवारात आंब्याखाली मुकाट उभे राहावे, असा आमचा तिचा करार होता. तो तिने आठ वर्षे पाळला. आणि मग एका पावसाळी रात्री तीन वाजता तिने असा टाहो फोडला की मी अंथरुणात ताडकन उठून बसलो.

"अहो, आपलीच गाडी आहे," सौभाग्यवती म्हणाल्या. "चोर असेल. खाली जाऊन या."

"चोर असेल" आणि "खाली जाऊन या" ही दोन वाक्ये एका श्वासात म्हणण्याचे धैर्य परमेश्वराने फक्त बायकोलाच दिले आहे. मी एका हातात विजेरी आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन खाली उतरलो. चोर नव्हता. कुंपणाच्या भिंतीवर एक मांजर बसले होते आणि एवढ्या रात्री हा गृहस्थ छत्री परजत कोठे निघाला, अशा मुद्रेने माझ्याकडे पाहत होते. मी किल्लीवरची कळ दाबली. गाडी गप्प झाली. वर येऊन आडवा झालो, डोळा लागतो न लागतो तोच पुन्हा तोच टाहो.

चार रात्री असे झाले आणि सारी सोसायटी माझ्याशी वेगळ्याच आवाजात बोलू लागली. जिन्यात भेटणारे लोक पूर्वी "काय सर, बरे आहे ना?" असे विचारीत. आता ते "काय सर, गाडी बरी आहे ना?" असे विचारू लागले. समोरच्या बिऱ्हाडातल्या नातवाने तर त्या आवाजाची हुबेहूब नक्कल बसवली होती आणि ती तो पाहुण्यांना करून दाखवी. पाचव्या रात्री मला एक शोध लागला. किल्लीवरची कळ दुसऱ्या मजल्यावरूनही चालते. खिडकीतून नुसता हात बाहेर काढायचा, कळ दाबायची, की खाली शांतता. विजेरी नको, छत्री नको, मांजराची ती नजर नको. हा शोध मला त्या वेळी फार मोठा वाटला. त्याची लाज पुढे वाटायची होती.

मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. इतिहासाच्या मास्तराची एक खोड असते. नळ गळू लागला की तो प्लंबरला बोलावीत नाही, आधी मोहेंजोदडोची गटारे कशी होती ते पाहतो. त्याप्रमाणे मी गाडी दुरुस्तीला नेण्याचे सोडून या ओरडण्याची कुळकथा शोधू लागलो. वाचकांनी दोन घटका सोबत करावी. दुरुस्तीची हकीकतही सांगणार आहे. ती मात्र या कुळकथेवाचून कळायची नाही.

*

आपण सगळे ज्याला 'अलार्म' म्हणतो, तो शब्द मुळात आवाजाचा नव्हेच. इटालियन भाषेत 'आल्लार्मे!' म्हणजे 'शस्त्रे उचला!' ती एक आज्ञा होती. पहारेकऱ्याने ती द्यावी आणि झोपलेल्यांनी उठून ढाल-तलवार हाती घ्यावी. पुढे आज्ञा मागे पडली आणि आवाज तेवढा राहिला.

पहारेकऱ्यांत सर्वांत नावाजलेले म्हणजे रोमचे हंस. परंपरेने इसवी सनापूर्वी ३९० हे वर्ष सांगतात. गॉल टोळ्यांनी रोम शहर घेतले होते आणि उरलेसुरले रोमन लोक कॅपिटोल टेकडीवर कोंडून घेऊन बसले होते. अन्नाचे हाल होते. तरीही जूनो देवीच्या देवळातले हंस, देवीचे म्हणून, कोणी मारून खाल्ले नव्हते. एका रात्री गॉल लोक टेकडीचा कडा चढून आले. पहारेकरी झोपले होते, कुत्री भुंकली नाहीत, पण हंसांनी कलकलाट केला. मार्कस मॅनलियस नावाचा सरदार जागा झाला, धावत कड्याशी गेला आणि वर आलेल्या पहिल्याच शत्रूला त्याने खाली लोटले. टेकडी वाचली. पुढे कितीतरी वर्षे रोममध्ये या प्रसंगाच्या आठवणीने हंसाला पालखीत बसवून मिरवीत आणि न भुंकलेल्या कुत्र्यांबद्दल त्यांच्या बिचाऱ्या वंशजांना सुळी देत.

मिरवणूक हंसांची निघाली, ते ठीकच आहे. पण माझ्या मते निम्मी पालखी मॅनलियसची होती. हंस काय, एरवीही ओरडतच असतील. "हंसच आहेत, ओरडतात झाले," असे म्हणून तो गृहस्थ कुशीवर वळला असता, तर त्या हंसांचे दुसऱ्या दिवशी कालवण झाले असते.

अशा कुशीवर वळण्याचे उदाहरण शोधायला मला रोमला जावे लागले नाही. ते माझ्या घरापासून चार पावलांवर आहे. ५ एप्रिल १६६३ ची रात्र, पुण्याचा लाल महाल. शाइस्ताखानाचा तळ तेथे पडला होता. रमझानचा महिना असल्याने मुदपाकखान्यातले काही लोक पहाटेच्या जेवणाच्या तयारीला उठले होते. शिवाजीमहाराजांच्या लोकांनी आधी त्यांचा समाचार घेतला आणि मग मुदपाकखाना व आतले दालन यांमधली बुजवलेली वाट ते फोडू लागले. कुदळींचा आवाज झाला. काही नोकर जागे झाले. त्यांनी जाऊन खानाला वर्दी दिली की काहीतरी खणल्याचा आवाज येतो आहे. खान झोपेत होता. एवढ्यातेवढ्यासाठी झोपमोड करता म्हणून त्याने त्यांनाच खडसावले.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. खानाचे जिवावरचे हातावर निभावले, मुलगा मात्र मारला गेला. खाफीखानाने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. हल्लेखोरांपैकी काही जण नगारखान्यात शिरले आणि खानाचाच हुकूम असल्याचे भासवून त्यांनी वाजंत्र्यांना वाजवायला लावले. एकदम सारे नगारे वाजू लागले आणि त्या दणक्यात कोणाला कोणाचे ऐकू येईना. म्हणजे धोक्याची खरी हाक बुडवायची तर तिचे तोंड दाबावे लागत नाही. तिच्या शेजारी दुसरा मोठा आवाज लावून दिला की काम होते.

हा धडा मी तीस वर्षे वर्गात शिकवला. "खडसावले!" हा शब्द मी असा काही उच्चारीत असे की मुले खदखदून हसत. मीही हसत असे.

*

आमच्या गावगाड्यातला रखवालदार म्हणजे जागल्या. पुण्याच्या मुलखात हे काम बहुधा रामोशी करीत. रात्री गस्त घालायची, हाकारे द्यायचे, नव्या माणसावर नजर ठेवायची. पण त्याची खरी नोकरी चोरी झाल्यावर सुरू होई. चोराचा माग काढायचा. धुळीतली पावले, मोडलेली काडी, ओढ्याकाठचा चिखल, या खुणांवरून तो माग गावच्या शिवेपर्यंत न्यायचा. माग शिवेबाहेर गेला की तो पुढच्या गावच्या रखवालदाराच्या हवाली करायचा. त्याने तो आपल्या शिवेपर्यंत न्यायचा. ज्याच्या हद्दीत माग हरवला त्याच्यावर नुकसान भरून देण्याची जबाबदारी येई. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या मुलखात आलेल्या इंग्रज अंमलदारांनी ही पद्धत पाहून मोठ्या कुतूहलाने लिहून ठेवली आहे.

यात मला मोठी मौज वाटते. ओरडणारा आणि शोधणारा एकच. ज्याने "जागे राहा!" म्हणून हाक दिली, त्यालाच "काय झाले?" या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागे. हाकेमागे एक माणूस उभा होता आणि त्याचे वतन पणाला लागलेले होते.

ही जोडी फोडली ती विजेने. अमेरिकेत बोस्टनजवळच्या सॉमरव्हिल गावी ऑगस्टस रसेल पोप नावाचे एक धर्मोपदेशक होते. चोरी करू नका असे रविवारी सांगून भागत नाही, असे त्यांना वाटले असावे. २१ जून १८५३ रोजी त्यांनी विजेच्या चोरघंटेचे पेटंट घेतले. कल्पना सोपी आणि सुंदर होती. दारे-खिडक्यांना तारा जोडायच्या, दार उघडले की मंडल पुरे होऊन विद्युच्चुंबक जागा होतो आणि लहानशी हातोडी घंटेवर आपटू लागते. १८५७ मध्ये एडविन होम्स या व्यापाऱ्याने हे हक्क विकत घेतले आणि १८५९ मध्ये धंदा न्यूयॉर्कला हलवला. घंटा तेथेच खपणार, कारण चोरही तेथेच पुष्कळ, असा त्याचा हिशेब होता आणि तो चुकला नाही.

मोटारीला आवाज याच्याही नंतर मिळाला. मिलर रीस हचिसन या अमेरिकन संशोधकाने १९०८ च्या सुमारास 'क्लॅक्सन' नावाचा विजेचा कर्कश भोंगा काढला. याच गृहस्थाने आधी बहिऱ्यांसाठी विजेचे श्रवणयंत्र बनवले होते आणि इंग्लंडची राणी अलेक्झांड्रा त्याच्या कामावर प्रसन्न होती. त्या काळचे विनोदी लोक म्हणत, की श्रवणयंत्राचा खप वाढावा म्हणूनच याने भोंगा काढला! पुढे कॅडिलॅकच्या १९१२ च्या गाडीत चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला. दांडा फिरवून घामाघूम होण्याचे दिवस संपले. मालकाला गाडी सुरू करणे सोपे झाले, अर्थात चोरालाही. १९१९ मध्ये चोरीच्या मोटारी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याविरुद्ध अमेरिकेला देशाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. चोर, विजेची घंटा आणि कर्कश भोंगा एवढे साहित्य जमल्यावर मोटारीचा अलार्म जन्माला येणे क्रमप्राप्तच होते.

आमच्याकडे हे प्रकरण उशिरा आले. माझ्या लहानपणी आळीत एकच फियाट होती. तिच्या मालकांनी पायाशी एक कळ लपवून ठेवली होती. ती खाली केल्याशिवाय गाडी सुरूच होत नसे. ती कळ कोठे आहे हे आळीतल्या सर्व मुलांना ठाऊक होते. फक्त चोराला ठाऊक नव्हते, आणि तेवढे पुरत असे. ओरडणारे यंत्र घराघरात आले ते मारुतीचे राज्य स्थिरावल्यानंतर, नव्वदच्या दशकात.

तोवर न्यूयॉर्क त्याला विटले होते. हजारो गाड्या रस्त्यावर उभ्या, प्रत्येकीत भोंगा, मोठा ट्रक गेला की ओळीने सगळ्या ओरडणार. शहराला नियम करावा लागला की गाडीचा भोंगा तीन मिनिटांत आपला आपण बंद झालाच पाहिजे. मॉकिंगबर्ड नावाचा तिकडचा नकलाकार पक्षी तर त्या भोंग्याचे सूर झाडावर बसून आळवू लागला. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या 'हायवे लॉस डेटा इन्स्टिट्यूट' या संस्थेने ७ कोटी ३० लाख गाड्यांच्या विम्याचे दावे तपासले, आणि भोंगा असलेल्या गाड्यांच्या चोरीच्या नुकसानीत एकंदरीने काही घट दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. कारण उघड होते. भोंगा वाजला की लोक चोराला शिव्या देत नव्हते, मालकाला देत होते.

खरा उपाय निघाला तो मुका होता. किल्लीच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी एक चकती बसवलेली असते. कुलपाभोवतीच्या वेटोळ्यातून तिला शक्ती मिळते, ती आपली सांकेतिक ओळख सांगते, आणि ओळख पटली तरच इंजिन चालते. ऑक्टोबर १९९८ पासून युरोपीय संघातल्या सर्व नव्या मोटारींत हे यंत्र सक्तीचे झाले. त्यानंतर तिकडे मोटारचोऱ्या पुष्कळच घटल्या. अलीकडे चोरांनी त्यावरही तोडगे काढले आहेत, पण तो वेगळा अध्याय. आमच्या आळीतल्या फियाटची लपवलेली कळ शेवटी शहाणी ठरली, एवढे खरे.

हे सारे वाचून मी न्यूयॉर्ककरांना मनसोक्त हसलो आणि रात्री उशाशी किल्ली ठेवून झोपलो.

*

आमच्या तळमजल्यावर अण्णा राहतात. वय एक्याऐंशी. मुले परदेशी, पत्नीला जाऊन सहा वर्षे झाली. पहाटे पाचच्या आत उठून आवारातली प्राजक्ताची फुले वेचायची, हा त्यांचा नेम. फुलांची परडी एका हातात, काठी दुसऱ्या हातात. भाद्रपदात एका पहाटे ते असेच बाहेर पडले आणि माझ्या गाडीजवळ येताच त्यांच्या छातीत कळ आली. ते खाली बसले. हाक मारावी म्हटले तर आवाज फुटेना. तेव्हा त्या म्हाताऱ्याला सुचले, की ही गाडी नुसत्या स्पर्शाने ओरडते. त्यांनी काठी उचलली आणि गाडीच्या दारावर मारली.

गाडी ओरडली. दुसऱ्या मजल्यावरून एक हात बाहेर आला. गाडी गप्प झाली.

या यंत्राची एक रीत आहे. कळ दाबून ते बंद केले आणि दार उघडलेच नाही, तर अर्ध्याएक मिनिटात ते आपोआप पुन्हा सज्ज होते. अण्णांनी पुन्हा काठी मारली. गाडी पुन्हा ओरडली. हात पुन्हा बाहेर आला. तिसऱ्या वेळी मी काय म्हणालो तेही मला आठवते. मी म्हणालो, "या गाडीला एकदा भंगारात दिली पाहिजे." कळ दाबली आणि उशी कानावर घेतली.

सव्वापाच वाजता दूधवाल्याने त्यांना पाहिले. त्याने आरडाओरडा केला, पण त्याचा आवाज माणसाचा होता, म्हणून सगळे धावले. अण्णांना दवाखान्यात पोहोचवले. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर कठीण होते.

चौथ्या दिवशी मी भेटायला गेलो. अण्णा उशाला टेकून बसले होते. मला पाहून हसले आणि म्हणाले, "मास्तर, तुमची गाडी गुणाची आहे हो. तीनदा हाक मारली तिने माझ्यासाठी." मी पिशवीतली मोसंबी काढून ठेवू लागलो. मला काही बोलता आले नाही. शाइस्ताखानाला मी तीस वर्षे वर्गात हसलो होतो. त्याला निदान नोकरांनी उठवून सांगितले होते. आणि त्याने खडसावले ते एकदाच.

*

त्या दिवसापासून मी वरून कळ दाबणे सोडले. गाडी ओरडली की खाली जायचे, चारही बाजूंनी पाहायचे, मगच तिला गप्प करायचे, असा नेम केला. शिवाय एक वही घातली. तारीख, वेळ, पाऊस होता की नव्हता, आवारात काय दिसले, सारे टिपायचे. जागल्याने मागावर जावे तसा मी मागावर निघालो.

उपाय सुचवणारे पुष्कळ होते. कोणी म्हणाले, बॅटरी. हे म्हणणे चुकीचे नव्हते. बारा व्होल्टची चांगली बॅटरी विसाव्यात १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. ती म्हातारी झाली की रात्री दाब घसरतो आणि घसरलेला दाब पाहून यंत्राला वाटते की कोणी तार तोडली. पूर्वीचे काही अलार्म तर दाबाच्या चढउतारावरच चालत. दार उघडले की आतला दिवा लागतो, दाब किंचित उतरतो, त्यावरून चोर आला हे ओळखायचे. मग गाडी बंद केल्यावर इंजिनाचा पंखा आपोआप फिरू लागला की तोही चोर ठरे! आमची बॅटरी चार वर्षांची होती. ती बदलली. दोन रात्री शांततेत गेल्या. मी पेढे आणण्याच्या बेतात होतो. तिसऱ्या पहाटे पुन्हा टाहो.

कोणी म्हणाले, धक्का ओळखणारा सेन्सर फार हळवा झाला असेल. त्याला एक बारीक स्क्रू असतो, तो फिरवून हळवेपणा कमी करता येतो. तो केला. कोणी म्हणाले, आरशाला टांगलेली बाहुली काढा. काही गाड्यांत माणसाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडून आतली हालचाल ओळखतात. तेथे काच किंचित उघडी राहून बाहुली हलली, की तीही चोर. आमच्या गाडीत ते यंत्रच नव्हते, पण बाहुली काढली. उंदीर तारा कुरतडतात म्हणून इंजिनात डांबराच्या गोळ्या ठेवल्या. गणपती नुकतेच गेले होते, त्यांचे वाहन मागे राहिले असण्याचा संभव होताच. उंदीर सापडला नाही.

माग लागला तो पाहण्याने. एका पहाटे खाली उभा राहून कळ दाबली, आणि गाडी गप्प झाल्यावर सुकाणूजवळचा तांबडा दिवा लुकलुकताना दिसला. तीनदा लुकलुकला, थांबला, पुन्हा तीनदा. दुसऱ्या पहाटेही तसेच. गाडीच्या खणात, आठ वर्षे कोणी न उघडलेले, अलार्मचे माहितीपुस्तक पडले होते. त्यात स्वच्छ लिहिले होते. एकदा लुकलुकला तर दार, दोनदा तर धक्का, तीनदा तर बॉनेट. गाडी तोंडाने नुसती ओरडत होती, पण कारण डोळ्याने सांगत होती. ते दुसऱ्या मजल्यावरून दिसणार कसे? अण्णांनी काठी मारली त्या पहाटे तो दिवा दोनदा लुकलुकला असणार. 'धक्का बसला आहे, कोणीतरी आहे,' असे तो अंधारात तीनदा सांगून गेला.

वही घेऊन मी एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. लहानसे गॅरेज, दोन मुले हाताखाली, स्वतः उस्ताद साठीचे. त्यांनी गाडीकडे पाहिलेच नाही, आधी वही वाचली. एका महिन्यात चौदा वेळा, त्यांपैकी अकरा वेळा पहाटे तीन ते सहाच्या दरम्यान, आणि त्या अकराही रात्री पाऊस किंवा दव. कोरड्या उन्हात एकदाही नाही. "सरजी, आधं काम तुम्हीच केलंत," ते म्हणाले, आणि त्यांनी बॉनेट उघडले.

बॉनेटच्या कडेला, पाणी वाहून जाण्याच्या पन्हळीशी, स्प्रिंगवर उभी असलेली करंगळीएवढी एक खुंटी असते. बॉनेट मिटले की ती दबते आणि मंडल तुटलेले राहते. कोणी बॉनेट उघडले की खुंटी वर येते, गाडीच्या पत्र्याशी जोड होतो आणि भोंगा वाजतो. थेट पोप धर्मोपदेशकांची कल्पना, फक्त दाराऐवजी बॉनेट! आमच्या खुंटीभोवती आंब्याची पाने कुजून बसली होती, धातू गंजला होता, आणि बॉनेट टेकते ते रबर झिजून खुंटी पुरती दबतच नव्हती. पहाटेचा दमटपणा आला की त्या गंजातून चोरवाट होई. उस्तादांनी पाने काढली, पन्हळ साफ केली, रबर बदलले, नवी खुंटी बसवली आणि जोडावर ग्रीस लावले. वीस मिनिटांचे काम. नव्या खुंटीला फुलबाज्यांच्या दोन पेट्यांएवढे पैसे पडले.

निघताना ते म्हणाले, "सरजी, लोक येतात आणि म्हणतात, आवाज बंद करा. एक तार कापली की आवाज बंद. पण तुम्ही विचारलंत, आवाज कशाचा. हे कोणी विचारत नाही." मी त्यांना नमस्कार केला. त्यांना ठाऊक नव्हते की मीही महिनाभर तारच कापीत होतो.

*

दिवाळीत पहिल्या अंघोळीच्या पहाटे गल्लीत पहिला बॉम्ब वाजला आणि उभ्या गाड्यांपैकी पाच-सहा एकदम ओरडू लागल्या. आमची गप्प होती. खिडक्यांतून भराभर हात बाहेर आले आणि एकेक गाडी शांत होत गेली. मी खाली उतरून त्या गाड्यांभोवती एक फेरी मारून आलो. काही नव्हते. काही नसणारच होते. पण आता त्यावाचून मला अंथरुणात पडवत नाही.

मग फराळाचे ताट घेऊन अण्णांकडे गेलो. चकली मोडता मोडता मी त्यांना सारे सांगितले. हात माझा होता, तीनही वेळा माझाच होता.

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ते मला तेव्हाच कळलं होतं, मास्तर. किल्ली काय दुसऱ्या कोणाकडे असणार? वर दिवा लागला नाही आणि गाडी गप्प झाली. मी म्हटलं, मास्तर जागे आहेत, आता येतील. म्हणून तर पुन्हा काठी मारली."

मी मान खाली घातली.

"अहो, घ्या ना चकली," ते म्हणाले. "वहिनींना सांगा, यंदा खुसखुशीत झाली आहे." आणि मग काठीने दाराकडे बोट दाखवावे तसे दाखवून म्हणाले, "मघाशी फटाका वाजला तेव्हा खाली गाड्यांभोवती कोण फिरत होतं? मी दार उघडं टाकून पाहत होतो. म्हटलं, आता आपल्याला झोपायला हरकत नाही."